रग्बी नव्याने पाहणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बीचा एकही सामना न पाहिलेल्या प्रेक्षकाने या खेळासाठी वेळ काढावा का?

काढावा, पण एका अटीवर: पहिल्या वीस मिनिटांत खेळाविषयी मत बनवू नये. पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा एवढेच दिसते की एक खेळाडू चेंडू घेऊन धावतो, दोघे-तिघे त्याला खाली पाडतात, त्याच्याभोवती आणखी सहा जण कोसळतात, शिट्टी वाजते आणि चूक कोणाची होती हे कळण्याआधीच पुढचा डाव सुरू होतो. हा सारा गोंधळ वाटतो, परंतु खाली पडलेल्या खेळाडूभोवती कोण काय करू पाहत आहे एवढी एक गोष्ट ओळखता येऊ लागली की उरलेला खेळ बराचसा आपोआप उलगडतो. म्हणूनच येथे नियमांची पूर्ण जंत्री दिलेली नाही. वेगळा उल्लेख नसेल तेथे रग्बी म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंचा, रग्बी युनियन या नावाने ओळखला जाणारा प्रकार समजावा.

सामना पाहण्यापूर्वी कोणते नियम ठाऊक असायला हवेत?

फार थोडे. सामना ८० मिनिटांचा असतो आणि तो ४० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही; तो शेजारी किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे पुढे सरकायचे तर चेंडू घेऊन स्वतः धावावे लागते, नाहीतर तो पायाने पुढे मारावा लागतो. हा एकच निर्बंध साऱ्या खेळाला आकार देतो, कारण चेंडू ज्याच्या हातात आहे तो नेहमीच आपल्या संघाच्या आघाडीवर असतो आणि त्याचे सर्व मदतनीस त्याच्या मागे असतात.

प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि त्याचे ५ गुण मिळतात. त्यानंतर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या खांबांमधून चेंडू मारण्याची एक संधी मिळते. ती साधली तर आणखी २ गुण. ही किक ट्राय जेथे झाला त्याच्या सरळ रेषेतून मारावी लागते, म्हणूनच रेषा ओलांडल्यानंतरही खेळाडू खांबांच्या दिशेने वळून धावताना दिसतात. पेनल्टी किकचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या किकचे, ३ आणि खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३ गुण असतात. यापेक्षा अधिक काही आधी पाठ करण्याची गरज नाही.

खेळाडू खाली पडल्यावर जो ढिगारा होतो, त्यात नेमके काय चाललेले असते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कबड्डीत चढाईपटूची पकड झाली की चढाई संपते. रग्बीत टॅकल झाला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडले, की खरी झटापट तेथूनच सुरू होते. खाली पडलेल्या खेळाडूला चेंडू लगेच सोडावा लागतो, आणि ज्याने त्याला पाडले त्यालाही त्याला सोडून वाटेतून बाजूला व्हावे लागते. त्या क्षणी चेंडू कोणाचाच नसतो. सर्वांत आधी तेथे पोहोचणारा बचावपटू स्वतःच्या पायांवर उभा राहून चेंडू उचलू पाहतो, तर आक्रमण करणाऱ्या संघाचे दोन-तीन खेळाडू धावत येऊन त्याला ढकलून दूर करू पाहतात. दोन्ही बाजूंचे खेळाडू चेंडूवर एकमेकांना भिडले की त्या रचनेला ‘रक’ म्हणतात; त्यानंतर नव्याने हात घालून चेंडू घेता येत नाही, केवळ रेटा देऊन प्रतिस्पर्ध्याला मागे सारावे लागते.

हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. पडलेल्या खेळाडूने चेंडू क्षणभर जास्त धरून ठेवला तर बचाव करणाऱ्या संघाला पेनल्टी मिळते. बचावपटू हाताने जमिनीचा आधार घेऊन चेंडूवर झुकला असेल किंवा बाजूने घुसला असेल तर पेनल्टी उलट दिशेला जाते. न्यूझीलंडचे रिची मकॉ आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड पोकॉक यांनी आपली कीर्ती मुख्यतः या दोन सेकंदांतील कामगिरीवर मिळवली, हे नव्या प्रेक्षकाला प्रथम विचित्र वाटते, कारण दूरचित्रवाणीचा कॅमेरा तोवर चेंडूबरोबर पुढे निघून गेलेला असतो.

या झटापटीचे मोल काय असते, हे पाहायचे असेल तर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर झालेल्या आयर्लंड आणि न्यूझीलंड यांच्यातील विश्वचषक उपांत्यपूर्व सामन्याची शेवटची मिनिटे पाहावीत. न्यूझीलंड २८–२४ असे पुढे होते आणि आयर्लंडला ट्रायवाचून गत्यंतर नव्हते. सलग १७ सामने जिंकून आलेल्या या संघाने सतत ३७ वेळा टॅकल सोसून, प्रत्येक वेळी चेंडू राखून, पाच मिनिटांहून अधिक काळ आक्रमण चालू ठेवले. शेवटी न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉक यांनी एका पडलेल्या खेळाडूवरील चेंडूला हात घातला, पंचांनी शिट्टी वाजवली आणि आयर्लंडची स्पर्धा संपली. नियम न जाणणाऱ्याला ही पाच मिनिटे कंटाळवाणी वाटू शकतात. वर सांगितलेले ध्यानात ठेवून पाहणाऱ्याला त्यातील प्रत्येक रक स्वतंत्र पेच वाटेल.

सुरुवात कोणत्या सामन्यापासून करावी?

जुना सामना पाहण्यास हरकत नसेल तर १९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे झालेला जपान विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा विश्वचषक सामना निवडावा. पुढे निकाल उघड केला आहे, तो आधी वाचायचा नसेल तर हे उत्तर येथेच सोडावे. दक्षिण आफ्रिकेने तोवर दोनदा विश्वचषक जिंकला होता, तर जपानला विश्वचषकाच्या इतिहासात एकच विजय ठाऊक होता, तोही १९९१ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध.

सामना संपायला काही मिनिटे उरली असताना गुणसंख्या २९–२९ अशी होती. दक्षिण आफ्रिकेला पेनल्टी मिळाली आणि त्यांनी खांबांमधून किक मारून ३ गुण घेणे पसंत केले. त्या संघाने जपानविरुद्ध सुरक्षित मार्ग धरावा, यातच जपानने काय साधले होते ते दिसते. अखेरच्या क्षणांत जपानला समोरच पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि जपानसाठी ती बरोबरीही ऐतिहासिक ठरली असती. कर्णधार मायकल लीच यांनी किक नाकारून स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ खेळाडूंची समोरासमोरची रेटारेटी, मागितला. ८० मिनिटे उलटून गेली होती, तरीही खेळ चालू राहिला. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरला आणि कार्न हेस्केथ यांनी डाव्या कोपऱ्यात ट्राय केला. जपान ३४–३२ असा विजयी झाला.

हा सामना नव्या प्रेक्षकासाठी सुचवण्याचे कारण केवळ अनपेक्षित निकाल हे नाही. पेनल्टी मिळाल्यावर कर्णधारापुढे जे पर्याय उभे राहतात, त्यांचा अर्थ याहून स्पष्ट क्वचितच दिसतो: गुण घ्यावेत, चेंडू सीमारेषेबाहेर मारून पुढे सरकावे, की स्क्रम घेऊन मोठी जोखीम पत्करावी? आणि आणखी एक गोष्ट येथे लक्षात येते, ती म्हणजे घड्याळात ८० मिनिटे झाली म्हणून रग्बीचा सामना संपत नाही. चेंडू खेळाबाहेर जाईपर्यंत तो चालतो.

खेळ इतका वारंवार का थांबतो?

ही तक्रार रास्त आहे. ८० मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काळ निम्म्याहून कमी भरतो. उरलेला वेळ किकची तयारी, दुखापती, चित्रफितीवरून होणारी पंचांची पडताळणी आणि स्क्रमची जुळवाजुळव यांत जातो. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. चेंडू हातून पुढे निसटण्यासारख्या किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्याची ही पद्धत आहे, मात्र बलवान संघ तिचा उपयोग पेनल्टी मिळवण्यासाठी शस्त्रासारखा करतात. स्क्रम कोसळून तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो तेव्हा निष्ठावान प्रेक्षकही चहा करायला उठतात, हे मान्य केले पाहिजे.

थांबलेल्या खेळातही ऐकण्यासारखे पुष्कळ असते. पंचांच्या अंगावरील माइकमुळे त्यांचे बोलणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, आणि निर्णय का दिला हे ते बहुधा मोजक्या शब्दांत सांगतात. निर्णयाबाबत पंचांशी बोलण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे कर्णधारालाच असतो. समालोचनापेक्षा पंचांच्या आवाजाकडे कान दिला तर नियम लवकर समजतात, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पंचांचा एक हात आडवा पसरलेला दिसला तर चूक झाली आहे, पण ज्या संघाला त्याचा लाभ मिळायला हवा त्याचे आक्रमण चालू असल्यामुळे शिट्टी तूर्त रोखून धरली आहे, असा त्याचा अर्थ.

सात खेळाडूंचे रग्बी सोपे असते, मग तेथूनच प्रारंभ का करू नये?

जरूर करता येईल. सेव्हन्समध्ये मैदान तेवढेच मोठे, खेळाडू मात्र सात आणि सत्रे सात-सात मिनिटांची असतात. त्यामुळे मोकळी जागा भरपूर मिळते आणि ट्राय भराभर होतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. रिओ आणि टोकियो या दोन्ही ठिकाणी पुरुषांचे सुवर्णपदक फिजी या छोट्या द्वीपराष्ट्राने मिळवले, तर २०२४ मध्ये पॅरिस येथे यजमान फ्रान्सने अंतिम सामन्यात फिजीला २८–७ असे हरवले.

परंतु सेव्हन्स आवडले म्हणजे पंधरांचा खेळ आवडेलच असे नाही. सेव्हन्समध्ये वेग आहे; साठाव्या मिनिटाला दमलेल्या बचावफळीत हळूहळू पडत जाणारी फट तेथे पाहायला मिळत नाही. आमच्या मते सेव्हन्स हा स्वतंत्र आनंद आहे, पूर्वतयारी नव्हे.

रग्बी लीग म्हणजे काय?

१८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी, सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना देता यावी या मुद्द्यावर, मूळ संघटनेपासून फारकत घेतली आणि त्यातून तेरा खेळाडूंचा हा प्रकार घडत गेला. त्यात सहा टॅकलनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, ट्रायचे ४ गुण असतात आणि खाली पडलेल्या खेळाडूभोवतीची झटापट जवळजवळ नाहीच. सिडनी, ब्रिस्बेन आणि उत्तर इंग्लंड हे त्याचे बालेकिल्ले आहेत.

अमेरिकन फुटबॉलशी याचे नाते काय?

दोहोंचे मूळ जवळचे आहे; आजचे स्वरूप वेगळे. रग्बीत शिरस्त्राण आणि कडक खांदेपट्ट्या नसतात, चेंडू पुढे फेकता येत नाही आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला अडवता येत नाही.

हा केवळ धसमुसळेपणाचा खेळ नाही का? मुलांना दाखवावा का?

धक्के जबरदस्त असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. टॅकल खांद्यांच्या खालीच करावा लागतो. डोक्याला किंवा मानेला धोकादायक संपर्क झाला तर पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे मैदानाबाहेर, किंवा लाल कार्ड मिळू शकते. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचे कर्णधार सॅम केन यांना अशाच टॅकलसाठी लाल कार्ड मिळाले आणि दक्षिण आफ्रिकेने तो सामना १२–११ असा एका गुणाने जिंकला.

डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न मात्र कार्डांनी मिटलेला नाही. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्पसन यांना तुलनेने तरुण वयात स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आणि तो अंतिम सामना जिंकल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. अनेक माजी खेळाडूंनी या कारणावरून खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे. आता डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेले जाते. प्रेक्षकाने हा खेळ आवडीने पाहावा, पण ही बाजू ठाऊक असूनच पाहावा, असे आम्हांला वाटते. मुलांना दाखवण्यास हरकत नाही. खेळायला पाठवायचे असेल तर स्पर्शाचे किंवा कमरेची पट्टी ओढण्याचे, टॅकल नसलेले प्रकार उपलब्ध आहेत. न्यूझीलंडमधील लहान मुले याच पद्धतीने सुरुवात करतात, आणि ऑकलंडमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना शाळेतच त्याची ओळख होते.

सामन्यापूर्वीचे हाका नृत्य सर्वच संघ करतात का?

नाही. हाका ही न्यूझीलंडमधील माओरी समाजाची परंपरा आहे. फिजी, सामोआ आणि टोंगा हे संघ आपापली वेगळी आव्हाननृत्ये सादर करतात. हाकासाठी दूरचित्रवाणी संच वेळेवर सुरू करावा. त्यासाठीच सामना पाहणारे मात्र पहिल्या किकनंतर हमखास निराश होतात.

भारताचा या खेळाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात त्याचे नाव कलकत्ता कप आहे. कलकत्त्यातील ब्रिटिशांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला रग्बी क्लब १८७८ मध्ये मोडीत निघाला. क्लबमधील फुकटचे मद्य बंद झाल्यावर सभासद रोडावले, असे गमतीने सांगितले जाते. क्लबच्या खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवण्यात आला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून तो खेळला जात आहे. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री काही खेळाडूंनी त्याला एडिनबरोच्या रस्त्यांवर नेऊन चांगलेच चेपवले होते.

मुंबईत या खेळाचे घर म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. भारतातील पहिला कसोटी क्रिकेट सामना १९३३ मध्ये याच मैदानावर झाला हे अनेकांना ठाऊक असते. पावसाळ्यात तेथे रग्बी खेळले जाते, हे त्या मानाने कमी जणांना माहीत आहे. चिखल हा तेथील खेळाचा भागच आहे. १९९८ मध्ये भारताच्या पहिल्या राष्ट्रीय संघातून खेळलेले अभिनेते राहुल बोस यांचा खेळही याच जिमखान्यात घडला आणि पुढे ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या वाहबिज भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१–१९ असे हरवून या संघाने पंधरांच्या प्रकारातील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग सेव्हन्स प्रकारात प्रथमच झाली आणि ती चेन्नई बुल्सने जिंकली.

भारत विश्वचषकात नसताना कोणाची बाजू घ्यावी?

बाजू घेतल्याशिवाय रग्बी रंगत नाही, म्हणून कोणाची तरी घ्यावीच. ताकद आणि संयम आवडत असेल तर दक्षिण आफ्रिका. २०२३ मध्ये तिने चौथा विश्वचषक जिंकला, तोही उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने प्रत्येकी एकाच गुणाने. या संघाच्या सिया कोलिसी यांचा वर्णभेदाच्या इतिहासाशी असलेला संदर्भ पाहिला की खेळाबाहेरचा अर्थही कळतो: ज्या हिरव्या जर्सीकडे कृष्णवर्णीय बहुसंख्या एकेकाळी तिरस्काराने पाहत असे, तीच जर्सी नेल्सन मंडेला यांनी १९९५ च्या अंतिम सामन्याला घातली, आणि २०१८ मध्ये कोलिसी त्या संघाचे पहिले कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाले. हातोहात फिरणारा वेगवान खेळ पाहायचा असेल तर फ्रान्स, फिजी किंवा जपान यांच्याकडे वळावे.

महिलांचे सामने पाहण्याजोगे आहेत का?

निःसंशय, आणि नव्या प्रेक्षकासाठी काही वेळा अधिकच, कारण चेंडू पायाने मारण्यापेक्षा हातोहात खेळवण्याकडे बहुतेक संघांचा कल दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्विकनहॅम येथे ८१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३–१३ असे हरवून तिसरा विश्वचषक जिंकला. त्याआधी न्यूझीलंडने तो सहा वेळा जिंकलेला आहे.

भारतातून पाहायचे तर वेळा सोयीच्या असतात का?

बऱ्याच प्रमाणात. फेब्रुवारी-मार्चमध्ये होणाऱ्या सिक्स नेशन्समधील इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, इटली, स्कॉटलंड आणि वेल्स यांचे बहुतेक सामने शनिवार-रविवारी येतात. दिवसाचा पहिला सामना आपल्याकडे रात्री पावणेआठच्या सुमारास सुरू होतो, शेवटच्यासाठी मात्र मध्यरात्रीनंतर जागावे लागते. न्यूझीलंडमधील संध्याकाळचे सामने आपल्या दुपारी, साडेबारा-एकला असतात. २०२७ चा पुरुषांचा विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात, प्रथमच २४ संघांमध्ये होणार आहे, म्हणजे सिडनीतील रात्रीचा सामना आपल्याकडे दुपारी दोन-अडीचला लागेल. प्रक्षेपणाचे हक्क वरचेवर बदलत असल्याने स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या त्या वर्षी खात्री करून घ्यावी.

दोन सामने पाहूनही काहीच वाटले नाही तर?

तर पंधरांचा खेळ सोडून द्यावा. अखंड प्रवाही खेळ ज्यांना हवा असतो, किंवा पंचांच्या निर्णयावर सामना फिरलेला ज्यांना मुळीच खपत नाही, त्यांना रग्बी बहुधा त्रासच देते, आणि त्यात त्यांची समज कमी पडते असे समजण्याचे कारण नाही. मात्र हे दोन सामने निवडताना पावसात भिजलेल्या मैदानावरचा, दोन्ही संघ सतत उंच किक मारत असलेला सामना वाट्याला आला असेल, तर तो हिशेबात धरू नये आणि आणखी एक पाहावा.